'लोकोमोटिवने ट्रॅक्टरला हरवलं' हे मराठी बरोबर आहे का?

प्रश्न असा आलाय की 2025च्या गागारिन कपच्या (म्हणजे रशियातल्या आइस हॉकी लीगच्या करंडकाच्या) फायनलबद्दल कुणीतरी मराठीत 'लोकोमोटिवने ट्रॅक्टरला हरवलं' असं लिहिलं, तर ही भाषांतराची गंमत झालीय का, आणि निर्जीव वस्तूला 'ला' कसा काय लागला?

गंमत वगैरे काही नाही, दोन्ही खरेखुरे रशियन आइस हॉकी क्लब आहेत, लोकोमोटिव यारोस्लाव्हलचा आणि ट्रॅक्टर चेल्याबिन्स्कचा (च चहातला). चेल्याबिन्स्कला ट्रॅक्टरचा प्रचंड कारखाना 1933मध्ये सुरू झाला, महायुद्धात तिथे रणगाडे बनायला लागले आणि गावाला टोपणनाव पडलं टँकोग्राद, म्हणजे आपलं टँकनगर म्हणा ना. त्या कारखान्याच्या कामगारांची टीम 1947मध्ये उभी राहिली, पण तेव्हा नाव होतं द्झेर्झिनेत्स. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख द्झेर्झिन्स्की, त्याच्या नावाला '-एत्स' जोडलेलं, हा प्रत्यय साधारण आपल्या '-कर'सारखा, अमुक ठिकाणचा किंवा अमुकचा माणूस. मग 1954मध्ये अवांगार्द झालं, म्हणजे सैन्याची आघाडीची तुकडी (आघाडी म्हटलं की आपल्याला दुसरंच काही आठवतं, असो), आणि 1958मध्ये शेवटी ट्रॅक्टर, तेच आजतागायत. सर्गेई माकारोव्हसारखा दिग्गज याच क्लबातून पुढे आला, पण नंतर तोही मॉस्कोच्या सीएसकेए या सैन्याच्या क्लबात गेला.

लोकोमोटिवचं उलटं आहे, तो क्लब कितीतरी वर्षं टॉर्पेडो होता आणि 2000मध्ये लोकोमोटिव, म्हणजे रेल्वेचं इंजिन, हे नाव घेतलं. म्हणजे टॉर्पेडोचं इंजिन झालं!

आता 'ला'. मराठीत निर्जीव कर्माला सहसा 'ला' लागत नाही, आपण 'ट्रॅक्टर धुतला' म्हणतो, 'ट्रॅक्टरला धुतलं' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल बैलासारखं काहीतरी आहे. पण इथे ट्रॅक्टर हे नाव आहे, आणि नावाच्या मागे माणसं आहेत, त्यामुळे 'ला' हवाच. तो काढून बघा: 'लोकोमोटिवने ट्रॅक्टर हरवला'. आता इंजिनाकडून कुठेतरी ट्रॅक्टर गहाळ झाला! 'हरवणे'चे दोन्ही अर्थ आपल्याकडे एकाच रूपात बसलेत, फरक करायला एवढा एक 'ला' आहे बिचारा.

रशियनमध्ये अजून मजा. तिथे निर्जीव पुल्लिंगी शब्दाचं कर्ता आणि कर्म असं दोन्ही रूप सारखंच असतं, आणि क्लबचं नाव झालं तरी ट्रॅक्टर व्याकरणात निर्जीवच राहतो. 'लोकोमोतिव अबिग्राल त्राक्तर' या वाक्यात कुणी कुणाला हरवलं हे फक्त शब्दांच्या क्रमावरून कळतं. आपला 'ने' आणि 'ला' असला की शब्द कसेही फिरवा, जिंकणारा बदलत नाही. जिंकला लोकोमोटिवच, मालिका 4-1.

राहिलं लिंग, 'ट्रॅक्टर हरला' की 'हरली'? टीम मनात धरून काहीजण 'हरली' लिहितात, पण माझ्या कानाला 'हरला'च बरं वाटतं, मुंबई इंडियन्स हरली म्हणतो ते वेगळं, इथे शब्दच आपल्या बांधावरचा आहे आणि बांधावर तो ट्रॅक्टर 'तो'च असतो.