प्रोसेको गढूळ असली म्हणजे खराब झाली का?

मित्राने इटलीहून आणलेल्या सेंद्रिय प्रोसेकोच्या (ही तिथली फेसाळ वाइन) तळाशी गाळ आहे, वर बुचाऐवजी सोड्याच्या बाटलीसारखं झाकण आहे, ती खराब तर नाही ना आणि सोबत काय खावं, असं तुम्ही विचारलंय.

ओतून टाकू नका. वर्णनावरून ही ‘कोल फोंदो’ वाटते, म्हणजे तळासकट. नेहमीच्या प्रोसेकोत फेसासाठीचं दुसरं आंबवणं बंद टाकीत होतं, मग ती गाळून बाटलीत भरतात. हिच्यात ते बाटलीतच होतं आणि यीस्टचा साका काढतच नाहीत. यीस्टने साखर संपवलेली असते, त्यामुळे दुकानातल्या ‘एक्स्ट्रा ड्राय’सारखी (‘ड्राय’ म्हणजे बिनगोड, पण नाव काही असो, ती गोडसरच असते) ही लागणार नाही. फेसही बेताचा: दाब १ ते २.५ बार, शॅम्पेनमध्ये ५-६.

मी इटलीत, पादोवा शहरात राहतो. इथे आल्यावर पहिली बाटली मी स्कूटरवरून आणून तशीच उघडली आणि निम्मी ओट्यावर गेली. तेव्हा दोन दिवस फ्रीजमध्ये उभी ठेवा. पहिला ग्लास न हलवता ओता: लिंबाची साल, हिरवं सफरचंद. मग उरलेली हलकेच घोळवून ओता. आता बेकरीतल्या ताज्या पावाचा वास येईल, चव किंचित खारट-कडसर. मला हाच ग्लास आवडतो.

इथे तिच्यासोबत सोप्रेसा सलामी (मुरवलेल्या डुकराच्या मांसाच्या चकत्या) खातात, नाहीतर बाकाला मांतेकातो, म्हणजे सुकवलेला कॉड शिजवून ऑलिव्ह तेलात घोटलेला. आमच्या घरी रवा लावून तळलेले बोंबील किंवा कोथिंबीर वडी असते. तिचा आंबटपणा तळणाचं तेल कापतो, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. झणझणीत रश्श्यासोबत नको, बुडबुड्यांनी तिखट जास्तच झोंबतं. पुरणपोळीसोबत तर नकोच, गोडापुढे ती नुसती आंबट लागते.

खरी खराबी डोळ्यांना दिसत नाही. अशा वाइनमध्ये सल्फाइट (वाइन टिकवणारं संरक्षक) अनेकदा कमी घालतात किंवा घालतच नाहीत, त्यामुळे कधीकधी एक दोष येतो. नाकाला काही कळत नाही, पण घोट गिळल्यावर लाळेने आम्लता उतरली की पाच-दहा सेकंदांनी घशातून उंदराच्या पिंजऱ्यासारखी घाण चव वर येते. एका महागड्या बाटलीत मला ती सापडलीय. पहिल्या घोटानंतर जरा थांबून बघा. तसं झालं तर मात्र खुशाल ओतून टाका.