एमएच १२ म्हणजे पुणे, एमएच ३१ म्हणजे नागपूर. गाड्यांच्या नंबरातले हे आकडे कुठल्या क्रमाने दिलेत?

मराठी वर्णानुक्रमाने नाहीत, इंग्रजीनेही नाहीत. नकाशाने दिलेत. मोटार वाहन कायदा, १९८८ लागू झाल्यावर जुने तीन अक्षरी नंबर गेले आणि राज्य + आरटीओ अशी पद्धत आली.

०१ ते ०३ मुंबई, ०४ ठाणे. मग कोकण धरून खाली उतरा: पेण ०६, सिंधुदुर्ग ०७, रत्नागिरी ०८. तिथून घाट चढलात की कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, पुणे १२. पुढे नाशिकची बाजू (१५ ते १९), औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) २० पासून मराठवाडा, अमरावती २७ पासून विदर्भ. म्हणजे एसटीने फिरल्यासारखंच!

वाशीम ३७, हिंगोली ३८, नंदुरबार ३९ ही मंडळी विभाग सोडून शेवटी का? कारण हे जिल्हेच १९९८-९९ मध्ये झाले. तोवर आधीचे आकडे वाटून संपले होते. बारामतीचा ४२ आणि कराडचा ५० हेही असेच मागाहून आलेले.

आणखी एक बघा: शेवटच्या चार आकड्यांच्या आधीच्या अक्षरांत आय आणि ओ सापडणार नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा होतो म्हणून. आकडे वळवून ८०५५ चं ‘बॉस’ किंवा २१४ चं ‘राम’ करणाऱ्यांना मात्र हा घोटाळाच हवा असतो. नव्या हाय सिक्युरिटी प्लेटवर अक्षरं ठशाने उठवलेली असतात, त्यामुळे पेंटरची ही कला आता बंद. दंडाची पावती वेगळी.