अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीच्या समर प्रोग्रामला एवढे पैसे घालावेत का?

मुलगी अकरावीत, दोन आठवड्यांचा प्रोग्राम, आणि काउन्सेलर म्हणतोय की केला तर ॲडमिशनला नक्की फायदा, असं तुम्ही लिहिलंय. ते फायद्याचं आधी मनातून काढून टाका. आम्हालाही इथे ठाण्यात एकाने हेच सांगितलं होतं आणि आम्ही एफडी मोडून मुलाला पाठवलं. हार्वर्डसारख्या ठिकाणी दोन आठवड्यांची फीच ५ हजार डॉलरच्या वर जाते, मग तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स, सहा लाख सहज होतात.

‘तुमची निवड झाली’ असं पत्र आलं तेव्हा मी पेढे वाटले होते हो. पण अशा बऱ्याच प्रोग्राममध्ये मार्क बरे असले आणि फी भरली की जागा मिळते आणि हे ॲडमिशनवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. काही तर युनिव्हर्सिटीचे नसतातच, एखादी कंपनी सुट्टीत कॅम्पस भाड्याने घेते.

त्याला काहीच मिळालं नाही असं मी म्हणणार नाही, एकटा राहिला, धीट झाला. पण तिकडची सुट्टी म्हणजे आपला जुलै, बारावीची लेक्चर्स बुडाली, आल्यावर मित्राची केमिस्ट्रीची वही आणून रात्री एक-एक वाजेपर्यंत उतरवत बसायचा, मी शेजारी बसून समासाच्या रेघा आखून द्यायचे.

ज्याला खरंच वजन आहे ते प्रोग्राम वेगळे. अमेरिकेतल्या एमआयटीत होणारा आरएसआय, म्हणजे रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट, सहा आठवड्यांचा, शंभरेक मुलं घेतात, आणि फी नाही. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या प्रॉमिस या गणिताच्या प्रोग्रामला अर्जासोबत गणितं सोडवून पाठवावी लागतात. आणि तिला सायन्स आवडत असेल तर नोव्हेंबरातली एनएसई, म्हणजे नॅशनल स्टँडर्ड एक्झामिनेशन, द्यायला लावाच, ऑलिम्पियाडची पहिली पायरी आहे ती, पुढे पोचली तर कॅम्प मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरला.

एफडी न मोडता, कर्ज न काढता जमत असेल आणि तिला स्वतःला जायचं असेल तर जरूर पाठवा. फक्त पैसे भरण्याआधी ईमेल करून विचारा की शिकवणार कोण, प्राध्यापक की कॉलेजचीच मुलं, आणि फीमध्ये मदत मिळते का. येलच्या यंग ग्लोबल स्कॉलर्समध्ये घरची परिस्थिती बघून परदेशी मुलांनाही मिळते.