एकत्रित सर्व्हर-स्टोरेज घेण्याआधी
महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर, नेटवर्क, स्टोरेज एकत्र देणारी यंत्रणा बसवणार असाल, तर कोटेशनमधल्या टेराबाइटवर जाऊ नका. चार नोड (एकत्र जोडलेले सर्व्हर), प्रत्येकी 20 टेराबाइट, म्हणजे कच्चे 80. एक नोड पडला तर रीबिल्डसाठी, म्हणजे त्यावरचा डेटा उरलेल्या नोडवर पुन्हा उभा करायला, 20 मोकळे हवेत. उरलेल्या 60 मध्ये डेटाच्या दोन प्रती, म्हणजे हाती 30च.

रिकाम्या डिस्कवर चाचणी नको, कॅशमुळे (वेगवान तात्पुरत्या साठ्यामुळे) आकडे फसवे येतात. 70 टक्के भरा, लोड चालू असतानाच एका नोडची वीज काढा. लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा उशीर) किती चढते, रीबिल्डला किती वेळ लागतो ते टिपा. विक्रेता याला टाळाटाळ करत असेल तर पुढे जाऊच नका.

जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पाकिटं) असतील तर 8972 बाइटचा, तुकडे न होणारा पिंग (जोडणी तपासणारा संदेश) प्रत्येक नोडमधून पाठवा. एका स्विच पोर्टचा एमटीयू (एका पाकिटाची कमाल बाइट मर्यादा) 1500 राहिला, तरी साधे पिंग जातात आणि स्टोरेज मात्र अडकतं.