खापरपणजीच्या हातातले पुस्तक

प्रश्न : ठाण्यातील चरईचे आमचे जुने घर रिकामे करताना जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण 1890च्या सुमाराचा एक फोटो सापडला. खापरपणजोबा खुर्चीत बसलेले आहेत आणि खापरपणजी शेजारी उभी आहे. तिच्या हातात पुस्तक असून कपाळावरचे कुंकू मात्र काळे दिसते. तिला अक्षरओळख नव्हती, असे घरात सांगतात. मग पुस्तक कशासाठी? मागे खापरपणजोबांचे पूर्ण नाव आणि पुढे केवळ ‘व सौ.’ एवढेच लिहिले आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कुंकू लालच होते. त्या काळी कॅमेऱ्यात घातल्या जाणाऱ्या काचेच्या प्लेटांवर तांबडा रंग जवळजवळ उमटतच नसे, त्यामुळे छापलेल्या फोटोत तो काळा येई. तेव्हा लुगड्याच्या रंगाविषयीही या फोटोवरून निष्कर्ष काढू नये.

फुलदाणी, तिवई, पुस्तक असे सामान फोटो स्टुडिओत मांडलेलेच असे. म्हणून हातातले पुस्तक हा साक्षरतेचा पुरावा ठरत नाही. तरीही ते निरर्थक नाही. परक्या पुरुषाच्या कॅमेऱ्यासमोर घरच्या स्त्रीने उभे राहणे हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. हैदराबादेत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी 1892 मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तिथे फोटो काढायला बाईच नेमली, ती याच अडचणीमुळे. अशा काळात पत्नीच्या हाती पुस्तक देणारे घर स्वतःला सुधारक म्हणवून घेऊ पाहत होते, असे मला वाटते. खुर्ची मात्र पतीकडेच राहिली.

याच्या शेजारी कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचा 1885चा फिलाडेल्फियातील फोटो ठेवून पाहावा. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली या सहाध्यायिनींसोबत त्या लुगड्यात बसल्या आहेत, आणि तिघींपैकी कुणाच्याही शेजारी पती नाही. परदेशी गेलेली बाई धर्म बुडवते, असे म्हणणाऱ्यांना ‘हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन’ असे आनंदीबाईंनी निघण्यापूर्वीच जाहीर भाषणात सांगितले होते. ते लुगडे त्या शब्दाला जागलेले दिसते.

आपल्या खापरपणजीला वाचता येत होते की नाही, हे या फोटोवरून ठरणार नाही. घरातल्या जुन्या वह्या, पत्रे चाळून पाहावीत. फोटो पुठ्ठ्यापासून सोडवू नये. तिचे नाव घरात अजून कुणाला आठवत असेल, तर ते आजच विचारून घ्यावे आणि मागे त्या ‘सौ.’च्या पुढे मऊ पेन्सिलीने लिहावे.