सुमनकाकूंना विचारा

प्रश्न : आमच्या इमारतीतले एक गृहस्थ रोज रात्री साडेअकराला गाडी मागे घेतात आणि गाडी देशभक्तीची धून वाजवते. सांगितलं तर हसून ‘हो हो’ म्हणतात. माझं कुणी ऐकतच नाही. काय करू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी एक सांगा, धून लागल्यावर तुम्ही अंथरुणात उठून उभे राहता की नाही? (मी एकदा राहिले होते. झोपेत.)

आता कामाचं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र 10 ते सकाळी 6 अशी धरतात आणि निवासी भागात तेव्हा मर्यादा 45 डेसिबलची. दिवसा 55. हा कागद सोसायटीच्या फलकावर लावा, खाली सही करू नका. सही दिसली की लोक मजकूर सोडून माणसाबद्दल बोलतात. तरी नाहीच ऐकलं तर 112 आहे, पण त्याआधी चिवड्याची बशी घेऊन त्यांच्या घरी जा आणि गृहस्थांशी नाही, त्यांच्या आईशी बोला.

‘कुणी ऐकत नाही’ याचं म्हणाल, तर आमच्याकडे यांना श्रवणयंत्र घेतलं. कुकरच्या शिट्ट्या मोजतात, शेजारच्यांचं भांडण शब्दन् शब्द सांगतात. मी ‘अहो, जरा ऐका’ म्हटलं, की यंत्र काढून डबीत. म्हणून तर मी हे सदर लिहिते.