वाचक विचारतात : दगडी क्रूस

प्रश्न : जुन्या दगडी क्रूसांवर कवटी, शिडी, फासे, कोंबडा असं कोरलेलं दिसतं. येशूची मूर्ती मात्र नसते. असं का?

उत्तर : वधस्तंभाची सारी हकिगत या वस्तूंत आली आहे. ती तळापासून वर वाचावी. कवटी म्हणजे गुलगुथा, ‘कवटीची जागा’ (बायबल, योहान 19:17). फासे शिपायांचे. येशूच्या कपड्यांचे त्यांनी चार वाटे केले, पण अंगरखा बिनशिवणीचा, अखंड विणलेला होता. तो फाडायचा नाही म्हणून चिठ्ठ्या टाकल्या (19:23-24). पेत्र या शिष्याने येशूला तीनदा नाकारलं आणि कोंबडा आरवला (मत्तय 26:74-75). भाला व आंबेचा (आंबट द्राक्षारसाचा) स्पंज बहुधा तिरपे, एकमेकांना छेदून कोरतात. शिडीचा उल्लेख शुभवर्तमानांत कुठेच नाही. देह खाली उतरवला त्यावरून कारागिरांनी ती आणली. वांद्र्याला सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारातला उंच क्रूस या दृष्टीने जरूर पाहावा, तोही घाई न करता.

प्रश्न : आमच्या गावठाणातल्या क्रूसावर 1897 साल आहे. सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट करूनही दरवर्षी पापुद्रे सुटतात. काय करावं?

उत्तर : 1896 ला मुंबईत प्लेग आला आणि वांद्रे-साष्टीच्या गावठाणांत लोकांनी रक्षणासाठी क्रूस उभारले. तुमचाही त्याच काळातला दिसतो, तेव्हा आधी अक्षरं वाचवा. अंधार पडल्यावर टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. बुजलेली अक्षरंही सावलीने उठून दिसतात. फोटो काढून मगच कामाला हात घाला.

पापुद्र्यांचं मूळ सिमेंट आणि ऑइलपेंट हेच आहे. जमिनीतली ओल चौथऱ्यातून वर चढते, तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. क्षार आतच साचतात आणि दगडाचा पृष्ठभाग फोडतात. सिमेंट छोट्या छिन्नीने हातानेच काढा, ग्राइंडर लावू नका. रंग काढायचं द्रावण आधी मागच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर लावून पाहा. ॲसिड अजिबात नको. सांधे एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू यांनी भरा आणि आठवडाभर ओलं पोतं गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात हे काम काढू नये. चौथऱ्याला लागून काँक्रीट असेल तर वीतभर पट्टा फोडून खडी भरा, नाहीतर ओल पुन्हा येईल.

प्रश्न : रस्त्यालगतच्या जुन्या क्रूसाला ‘अनधिकृत’ म्हणून नोटीस आली आहे.

उत्तर : मुदतीत लेखी उत्तर द्या. सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश सार्वजनिक जागांवरच्या बांधकामांबाबत आहे. जागा खाजगी असेल तर मिळकत पत्रिका जोडा. सार्वजनिक असेल तर क्रूस 1 मे 1960 पूर्वीचा असल्याचा पुरावा द्या; राज्याच्या धोरणात ही तारीख महत्त्वाची आहे. कोरलेल्या सालाचा फोटो, नगर भूमापन नकाशा, चर्चच्या जुन्या नोंदी असं सगळं एकत्र द्या आणि पोच घ्या.